मुद्देमालाच्या शेवंताबाई

भाजीची पिशवी घेऊन मी लिफ्टपाशी आले, दार उघडलं, आणि आत एक धिप्पाड बाई पाय फाकून उभी. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि दोन बुटांच्या मध्ये फरशीवर एक काळं पाकीट. मी दचकून "अगं बाई" म्हणाले.

"मराठी दिसताय," ती बाई म्हणाली. "बरं झालं. आत या. कशाला हात लावू नका. पंच व्हायचंय तुम्हाला."

पंच म्हणजे काय ते मला माहीत होतं. गावाला आमच्या शेजारी चोरी झाली होती तेव्हा माझ्या वडिलांना पोलिसांनी पंच केलं होतं, आणि मग कितीतरी वर्षं ते तालुक्याच्या कोर्टात खेटे घालत होते. पण त्या बाईचा आवाज असा होता की नाही म्हणता येईना. तिनं पदराच्या टोकानं पाकीट उचललं, खाली बाकड्यावर ठेवलं, आणि मला शेजारी बसवून घेतलं. तिची नात शाळेतून आल्यावर तिला पोलिसांना फोन करायला लावला. पोलीस आले, पाकीट घेतलं, थँक्यू म्हणाले आणि गेले. माझं नावसुद्धा विचारलं नाही.

"पंचनामा नाही, काही नाही," ती गाडीकडे बघत म्हणाली. "कसं व्हायचं यांचं!" मग माझ्याकडे वळली. "मी शेवंता. रिटायर हेड कॉन्स्टेबल. मुलीकडे आलेय. तुमच्या समोरचाच फ्लॅट."

या परक्या देशात, हौगांगला राहायला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंदरावर इंजिनिअर, सून नोकरीला, मी घरात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही आणि मला मुळात कुणाशी बोलायचीच भीती वाटते. बेल वाजली तरी मी आधी छिद्रातून बघते आणि मग पुष्कळदा उघडतच नाही. अशा माझ्या दारावर शेवंताबाई बेल न वाजवता मूठ आपटायच्या. "सुमन, उघड. पोलीस आहे."

त्यांची ती गंमत होती. मी तरी दर वेळी आधी छिद्रातून बघूनच उघडायचे.

शेवंताबाईंनी नोकरीतली बहुतेक वर्षं तालुक्याच्या ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत काढली होती. धरलेल्या चोरांचा, दारूवाल्यांचा, जुगाऱ्यांचा जप्त केलेला माल जिथे ठेवतात ती खोली. तिथली किल्ली त्यांच्या कमरेला असायची. त्या खोलीबद्दल त्या अशा बोलायच्या की एखादी बाई माहेरच्या कोठीबद्दल बोलावी. तलवारी कुठे होत्या, सायकली कुठे, गुळाच्या ढेपांना मुंग्या कशा लागायच्या, जप्त केलेला कोंबडा कोर्टाच्या तारखेपर्यंत कोणी सांभाळला. "आणि तारखेला साहेबांनी विचारलं, कोंबडा कुठाय? मी म्हटलं, साहेब, आजारी होऊन मेला. साहेब म्हणाले, रस्सा कसा झाला होता?" हे सांगून त्या इतक्या हसायच्या की ठसका लागायचा.

त्यांच्या ठाण्याला सरकारकडून फार काही मिळत नव्हतं. कागद संपला की कागद नाही, डिझेल संपलं की जीप उभी. मग जप्तीतली जीप गस्तीला जायची. जप्तीतल्या सतरंजीवर रात्रपाळीचे शिपाई झोपायचे. मटक्याच्या धाडीत सापडलेल्या पैशातला थोडा मुद्देमालात यायचा आणि थोडा ठाण्याच्या चहाला, खडूला, चुन्याला जायचा. "नियमात नव्हतं," त्या म्हणायच्या, "पण चोराच्या पैशानं चोर धरायचा, यात वाईट काय? सावाच्या खिशातून जातंय का?" ही त्यांची म्हणच होती. त्या ती मुलीला ऐकवायच्या, नातीला ऐकवायच्या, मार्केटमधल्या मासेवाल्या चिनी बाईला हिंदीतून ऐकवायच्या.

इथल्या पोलिसांची गाडी दिसली की थांबून तिच्याभोवती नजर फिरवायच्या. "ही कुणाकडून जप्त केली असेल?"

"अहो, सरकारनं घेतली असेल नवी," मी म्हणायचे.

"नवी? पोलिसाला नवी गाडी?" त्यांना ते पटायचंच नाही. टीव्हीवर एकदा कुठल्यातरी जप्तीचं दाखवत होते. टेबलावर ओळीनं घड्याळं, बायकांच्या पर्सा, दागिने. लोक मॅच बघतात तशा त्या पुढे सरकून बघत होत्या. "बघ, बघ, एकेका पर्सला वेगळी पिशवी! आणि खोलीला एसी असणार. मुद्देमालाला एसी! आम्हाला खिडकी नव्हती गं." आणि मग हळू आवाजात, "एवढ्यात यांचं अख्खं खातं दहा वर्षं चालेल."

त्यांची मुलगी वैशाली मला आवडायची. तिचा नवरा जहाजावर, सहासहा महिने बाहेर. नोकरी, मुलगी रिया आणि आई, सगळं ती एकटी ओढत होती. भाड्याच्या घराला कंटाळून ते दोघं स्वतःचा फ्लॅट घेणार होते. शेवंताबाईंनी त्यासाठी नगरजवळचा आपला प्लॉट विकला. नोकरीभर जपलेला तेवढाच एक तुकडा होता त्यांच्याकडे.

पैसे इथे आणायचे कसे, यावर मायलेकींचं बोलणं माझ्यासमोरच झालं. वैशाली म्हणत होती, "आई, बँकेतून पाठव. वेळ लागू दे."

"बँकवाले शंभर प्रश्न विचारतात. मी काय चोर आहे? आमचा जमादार आहे ना. आता हेच काम करतो. तिकडे रुपये द्यायचे, इकडे त्याचा माणूस तुझ्या खात्यात डॉलर टाकतो. भावही चांगला."

"कोण माणूस? मला माहीत नाही, तुला माहीत नाही."

"अगं, डिपार्टमेंटचा माणूस आहे! एका ताटात जेवलोय आम्ही."

डिपार्टमेंट हा शब्द आला की शेवंताबाईंपुढे दुसरं काही चालत नसे. दुसरा कोणी असा व्यवहार करताना दिसला असता तर त्यांनी त्याला उभा-आडवा झाडला असता. पण ज्यानं खाकी घातली तो घरचा. डॉलर आले. तीन वेगवेगळ्या नावांवरून आले, सगळी नावं परकी. वैशालीनं फोन करून विचारलं तर जमादार म्हणाला, माझ्याकडे गिऱ्हाइकं पुष्कळ, अमक्याचे तमक्याला फिरवतो. शेवंताबाईंनी त्या दिवशी शिरा केला आणि वाटीभर मला आणून दिला.

मग एक दिवस सुपरमार्केटमध्ये वैशालीचं कार्ड चालेना. दुसरं केलं, तेही चालेना. सामान काउंटरवर सोडून ती घरी आली. बँकेला फोन केला तर बँक म्हणाली, पोलिसांनी खातं गोठवलंय.

दोन दिवसांनी सकाळी समोरच्या दारात माणसं दिसली. साध्या कपड्यातली, दोन पुरुष आणि एक बाई. मी छिद्राला डोळा लावून उभी. तेवढ्यात माझ्या दारावर मूठ आपटली. "सुमन, उघड!"

या वेळी पुढचं वाक्य आलं नाही.

मी उघडलं. शेवंताबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तसाच. "चल. घराची झडती घेतायत आणि पंच नाही. असं चालत नाही. तू पंच."

मला मुलगा बजावून गेला होता की समोर काहीतरी लफडं आहे, आई, तू त्यात पडू नकोस, आपण इथे नोकरीच्या पासवर राहतो. मी चपला न घालताच गेले. त्यांच्या दाराच्या आत एक पाऊल टाकलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. त्या माणसांनी आवाज चढवला नाही की काही फेकलं नाही. वैशालीचा फोन आणि लॅपटॉप एकेका पिशवीत घातला, तिच्याकडून सही घेतली. तेच मला जास्त भयंकर वाटलं. ओरडले असते तर काय चाललंय ते कळलं असतं.

"पंच! पंच!" शेवंताबाई माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या.

रिया शाळेच्या गणवेशात कोपऱ्यात उभी होती. ती रडत रडत इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, आजी सेज मस्ट हॅव विटनेस लाह."

तो अधिकारी माझ्याकडे बघून हसला, मान हलवली आणि काहीतरी म्हणाला. रियानं मला सांगितलं, "तो म्हणतो, आंटी, तुम्ही घाबरू नका, बसा." मी बसले नाही. मला बसता येईना.

त्या पैशाचं नंतर कळलं ते असं. इथेच कुणा म्हाताऱ्या माणसाला फोन करून, आम्ही बँकेतून बोलतोय असं सांगून ठकांनी त्याची पुंजी काढून घेतली होती. ती फिरत फिरत वैशालीच्या खात्यात येऊन पडली. आणि प्लॉटचे रुपये तिकडे जमादाराकडे. त्याचा फोन बंद होता. घराला कुलूप होतं.

जिच्या खात्यात असा पैसा येतो तिच्यावरही इथे गुन्हा होऊ शकतो. गुन्हा झाला तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर इथे राहता येणार नाही, आणि जावई भर समुद्रात. वैशाली हे सगळं एका सुरात सांगायची, जसं दुसऱ्या कुणाचं चाललंय. ऑफिसातून आली की तशीच बूट घालून पलंगाच्या कडेला बसून राहायची.

शेवंताबाईंचं वागणं मात्र फिरलं. त्या घाबरल्या. आणि त्यांची भीती माझ्यासारखी नव्हती. मी घाबरते ते काही माहीत नसतं म्हणून. त्यांना सगळं माहीत होतं. बेल वाजली की ती धिप्पाड बाई कपडे वाळत घालायच्या दांड्यांमागे जाऊन उभी राहायची. टीव्ही लावेना. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की माझा दंड धरायच्या, इतका घट्ट की घरी येऊन बघावं तर वळ.

एका दुपारी आम्ही इमारतीखालच्या बाकावर बसलो होतो. समोर म्हातारे चिनी पुरुष पट मांडून खेळत होते. शेवंताबाई एकदम बोलायला लागल्या.

"आमच्या ठाण्यात माझ्या टेबलावर एक पंखा होता गं. छताचा. हातभट्टीवाल्याच्या घरातून आणलेला. पिंपं आणली, नळ्या आणल्या, आणि कुणीतरी म्हणालं, पंखाही घ्या, दारूच्याच पैशाचा. लावला माझ्या डोक्यावर. बाहेर आग पडायची आणि मी गारव्यात बसून लिहायचे. त्या माणसाची बायको तारखेला यायची. दारात बसायची आणि वर बघायची. मागत नव्हती. नुसती बघायची. एकदा मी खेकसले, काय बघतेस? चोरीच्या पैशाचा आहे तो. तर म्हणाली, 'न्हाय बाई, माझ्या खुरपणीचा हाय.'"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नवरा सुटला. कोर्ट म्हणालं, माल परत द्या. तोवर पंखा जळाला होता. मी तिचा अंगठा घेतला आणि तो जळका पंखा दिला. डोक्यावर घेऊन गेली. तीन पाती, उन्हात." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुमन, आत गेलेली वस्तू कशी बाहेर येते ते मला माहीत आहे. आता माझी पोर आत जाईल."

"असं बोलू नका."

"पैसा मी आणला. तिनं नको म्हटलं होतं, तू ऐकलंस. मी जाऊन सांगते."

"कुठे?"

"ठाण्यात. आणि तू येणार माझ्याबरोबर. मला एकटीनं त्या दारातून आत जाववत नाही."

तीस वर्षं ज्या बाईनं ठाण्यात काढली ती मला हे सांगत होती. मला ठाण्याच्या नुसत्या फाटकावरून जायचं म्हटलं तरी घाम फुटतो. मी हो म्हणाले. मुलाला सांगितलं की देवळात जाते.

इथलं ठाणं म्हणजे बँकेसारखं. थंड, स्वच्छ, खुर्च्या ओळीत. शेवंताबाईंनी आत शिरताच आधी सवयीनं छताकडे बघितलं. तिथे पंखा नव्हता, गार हवा भिंतीतूनच येत होती. त्यांना आत नेलं, हिंदी बोलणारी दुभाषी बाई आली. मला बाहेरच बसवलं. मी रामरक्षा म्हणायला घेतली आणि पुन्हा पुन्हा त्याच ओळीला अडकत राहिले. समोरच्या काचेत माझंच तोंड दिसत होतं, एखाद्या गुन्हेगाराचं असावं तसं. इतका वेळ गेला की मला वाटलं त्यांना मागच्या दारानं नेलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा रिकाम्या दिसत होत्या. बरोबर झडतीला आलेला तोच अधिकारी आणि दुभाषी बाई. त्यांचा पासपोर्ट ठेवून घेतला होता. तपास होईपर्यंत देश सोडायचा नाही. दारापाशी येऊन शेवंताबाई थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? हा जप्तीचा पैसा तुम्ही काय करणार?"

मी त्यांचा पदर ओढला. दुभाषी बाईंनी सांगितलं. अधिकारी शांतपणे म्हणाला की आम्ही काही करत नाही. कोर्ट ठरवतं. ज्याचा गेला तो सापडला तर त्याला, नाही तर सरकारच्या तिजोरीत.

"आणि तुमच्या गाडीत पेट्रोल कोण घालतं? तिजोरीच ना?"

दुभाषी बाई घुटमळल्या. हे सांगू का नको असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं, संपलं, आता दोघींना आत घेणार. पण त्यांनी सांगितलं, आणि तो माणूस जरा विचारात पडला. मग म्हणाला, "हो, तिजोरीतूनच. पण मी आज किती पकडलं यावर उद्या मला किती मिळेल हे ठरत नाही. मध्ये कोर्ट आहे. मध्ये दुसरी माणसं आहेत. मी तुमच्या मुलीचे पैसे धरले म्हणून माझ्या टेबलावर काही येणार नाही."

शेवंताबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. खरं बोलतोय का ते बघत असाव्यात. त्यांनी आयुष्यभर तेच काम केलं होतं. मग म्हणाल्या, "टेबलावर काही येणार नसलं तर बरं." आणि दुभाषी बाईंना म्हणाल्या, "हे सांगू नका."

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "विश्वास बसला तुमचा?"

"बसवून घ्यायचाय गं. त्याशिवाय झोप कशी लागेल?"

झोप काही लागली नाही त्यांना. कित्येक महिने गेले. दर थोड्या दिवसांनी बोलावणं यायचं, कधी वैशालीला, कधी त्यांना. त्यांचा धाकटा भाऊ गावाकडे वारला आणि त्या जाऊ शकल्या नाहीत. फोनवर भावजयीचं रडणं ऐकत स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या साड्या अंगावर सैल व्हायला लागल्या. चोराच्या पैशानं चोर धरायचा, हे त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. एकदा रिया खेळता खेळता "आजी, पोलीस!" म्हणाली तर त्यांच्या हातातलं पातेलं पडलं, आमटी सगळीकडे. पोरगी घाबरून मला बोलवायला आली. शेवंताबाई फरशी पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "गंमत होती, गंमत होती." कुणाला समजावत होत्या कोण जाणे.

शेवटी निकाल लागला. वैशालीला सक्त ताकीद देऊन सोडलं. गुन्हा नाही. फोन, लॅपटॉप परत. खात्यातले तिचे पगाराचे पैसे परत. बाकीचे त्या म्हाताऱ्याला.

मी पेढे घेऊन गेले तर घरात भांडण.

"आई, आपला प्लॉट गेला!" वैशाली रडत होती. "आपण काय पाप केलं होतं? वकील म्हणतोय, अर्ज करता येईल, आपणही फसलोय म्हणून."

"कुणाकडून घेणार? त्या म्हाताऱ्याकडून?"

"तो आपला पैसा होता!"

"आपला जमादारानं खाल्ला. माझ्या जमादारानं. हा त्याचा होता." शेवंताबाई उभ्याच होत्या. "त्याचा त्याला पोचला ना? जळका नाही ना पोचला? मग झालं. आता तो विषय नको. तू घरी आहेस."

वैशालीला त्यातलं निम्मंच कळलं असेल. मी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून परत आले.

पासपोर्ट मिळाला तसा शेवंताबाईंनी जायचा हट्टच धरला. वैशाली म्हणत होती, आठ दिवस थांब. नाही. मला पण न्यायचं विमानतळावर, असं सांगून ठेवलं. मी का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आतापर्यंत आलीस, तशीच ये."

टॅक्सीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पासपोर्ट उघडायचा, बघायचा, मिटायचा. चांगीच्या विमानतळावर सगळं इतकं चकचकीत की पायाखाली काच असल्यासारखं वाटतं. आम्हाला आत जाता येत नव्हतं. वैशालीच्या गळ्यात पडल्या, रियाचे मुके घेतले. मला म्हणाल्या, "भिऊ नकोस गं एवढी. बेल वाजली तर उघडत जा." आणि त्यांचे हात बर्फासारखे गार.

काचेपलीकडे ती यंत्राची फाटकं होती. पासपोर्ट ठेवायचा, अंगठा लावायचा, मग आपोआप उघडतात. पुढची माणसं भराभर जात होती. शेवंताबाईंनी पासपोर्ट ठेवला. फाटक उघडलं नाही. त्यांनी अंगठा साडीला पुसला, पुन्हा लावला. नाही. मागचे लोक दुसऱ्या रांगेत सरकले. एक गणवेशातली मुलगी त्यांच्याकडे चालत आली आणि त्यांना बाजूच्या काउंटरवर घेऊन गेली. काउंटरवरचा माणूस पडद्याकडे बघत बसला. बराच वेळ बघत बसला.

"काहीतरी राहिलंय," वैशाली पुटपुटली. तिनं माझा हात धरला होता, की मी तिचा, ते आठवत नाही.

शेवंताबाईंनी पाय जुळवले. दोन्ही हात बाजूला सरळ सोडले, हनुवटी वर केली, आणि साहेबासमोर उभं राहावं तशा ताठ उभ्या राहिल्या.

त्या माणसानं पासपोर्ट मिटून त्यांच्यासमोर ठेवला. त्या तशाच उभ्या. त्याला हातानं खूण करावी लागली, की जा, झालं. तेव्हा त्यांनी पासपोर्ट दोन्ही हातांनी उचलला आणि चालायला लागल्या. आधी हळू, मग भरभर, मग जवळजवळ पळतच, पांढऱ्या बुटांत, गर्दीतून वाट काढत. वैशाली हात हलवत होती, रिया काचेवर थापा मारून "आजी! आजी!" ओरडत होती. त्या वळल्या नाहीत. वळलं तर कुणीतरी परत बोलावेल, अशा भीतीनं त्या दिसेनाशा होईपर्यंत सरळ पुढे बघत गेल्या.